पायी जाता येईल एवढं लांब

१९ जून, गुरुवार

जेवणाच्या सुट्टीत जयेशभाईने सगळ्यांना थांबवलं. (जयेशभाई म्हणजे आमचा मॅनेजर. वय माझ्या निलेशएवढं, आव आजोबाचा.) शेठ सुरतेच्या पार पलीकडच्या टोकाला, कतारगामला, दुसरं खातं (कारखाना) काढतोय. भरतकामाची मशिनं तिकडे येऊन पडलीत. पण मशीनने सोडलेले टाके साडीवर हाताने भरणाऱ्या बायका तिकडे मिळत नाहीत. आम्ही इथे सहाजणी. "कोई एक आवो. इथल्यापेक्षा दीडपट देऊ."

सगळ्या खाली बघायला लागल्या. मग एकेक करून माझ्याकडे.

"मंगलाबाईला जमेल. तिला काय."

कुणी वाईट मनाने नाही म्हणालं. लाडानेच म्हणाल्या, त्यामुळे उलट बोलताही येईना. हातातला घास तसाच डब्यात ठेवला.

२० जून

सकाळी सिंधूबरोबर, रोजच्यासारखं. नवागामहून रुळाखालच्या गरनाळ्यातून पलीकडे निघालं की आलंच खातं. गरनाळ्यात पाणी साचलेलं, चपला हातात, साड्या पोटऱ्यांवर. सिंधू शेजारच्या गल्लीतली. तिच्या माझ्या वयात बरंच अंतर आहे, तरी किती वर्षं अशा बरोबर चालतोय कोण जाणे. (पुढे नुसतं सिं. लिहीन. दिवसभर सुई धरलेली बोटं पेन धरताना कुरकुरतात.)

तिला म्हटलं, तू का नाही जात? पैसे तुला जास्त लागतात.

"मन्हा घर सासू शे, पोरे शेत, मालकले रातपाळी. येवाले उशीर व्हयना ते घर कोन दखी? तू जाय व. तुले कोन अडावस?"

कुणी नाही अडवत. खरंच आहे. मग तू एकटी पडशील ना, म्हटलं. तर हसली. "पडसू नं. गरनाळामा एकली जासू, गाना म्हनत."

मला वाटलं होतं, नको जाऊ म्हणेल. एकदा तरी म्हणायला हवं होतं.

२२ जून, रविवार

निलेशचा फोन. पुण्याला कंपनीत आहे, दर रविवारी करतो, स्वयंपाक होईपर्यंत बोलतो, कुकरची शिट्टी झाली की ठेवतो. म्हणाला, "मम्मी, जा की. घरी बसून तरी काय करते?" घरी बसून! हा मुलगा दोन खोल्यांची झाडलोट करायला माणूस ठेवतो आणि आईला विचारतो बसून काय करते.

काल जयेशभाईला विचारलं होतं, काम तेच ना? तेच. साड्या त्याच? त्याच. मग दीडपट कशाचं? "दूर छे ने, एटले." लांब आहे म्हणून. मला वाटलं होतं हात चांगला आहे म्हणून म्हणेल. तेवढं म्हणायला त्याचं काय जात होतं.

जाते. काय फरक पडतो.

१ जुलै, मंगळवार

पहिला दिवस. शेअर रिक्षाने उधना दरवाजा, तिथून सिटी बस. मेट्रोसाठी रस्ता खणलाय, बस सगळ्या गावाला प्रदक्षिणा घालत जाते. जागा मिळाली नाही. एका बाईची पिशवी पूर्ण वाटभर माझ्या पायावर होती, दोघींपैकी कोणी काही बोललं नाही.

खातं मोठं, उजेड चांगला. पंखा माझ्या डोक्यावरच. पंखा डोक्यावर असणं ही इथली मोठी बढती म्हणे.

बायका सौराष्ट्राकडच्या. साड्यांना टिकी (चमकी) लावतात, धागे कापतात. "मासी, तमे क्यांथी आवो छो?" नवागाम म्हटल्यावर सगळ्यांनी हात गालाला लावले. एवढ्या लांबून! मग जेवायला त्यांचा गोल झाला. मला बोलावलं, नाही असं नाही. पण बोलणं सगळं त्यांच्या गावचं, त्यांच्या जावा-नणंदांचं. मी भाकरी-ठेचा खाल्ला. गुजराती मला सगळं समजतं. हसायचं कुठे, ते तेवढं उशिरा समजतं.

४ जुलै

हंसाबेन ओळखीची झाली. एकटी तीच माझ्यासारखं टाके भरते, नुकतीच शिकलीय, हात बरा आहे. खात्याच्या मागच्याच गल्लीत राहते. दुपारी घरी जाऊन कुकर लावून येते.

आज सहज तिचा भाव कळला. आमच्या नवागामच्या बायकांना नगामागे जेवढं मिळतं तेवढाच. तिने मला विचारलं, "तमने?" मी म्हटलं, तसंच काहीतरी. खोटं बोलले. वाईट वाटलं पण बोलून गेले.

संध्याकाळी बसमध्ये हाच विचार. म्हणजे हंसाबेनने रोज नवागामला यायचं आणि सिं.ने रोज कतारगामला यायचं, की दोघींना दीडपट. दोघी आपापल्या गल्लीत बसून तीच सुई चालवतात तर कमी. जवळची बाई कुठे जात नाही, म्हणून तिला जास्त द्यायचं काही कारणच नाही शेठला. मला लांबून आणायचं तर वर थोडं टाकावं लागतं. एवढी साधी गोष्ट. इतक्या वर्षांत कधी डोक्यात आली नाही, कारण रोज चालताना सिं. बोलत असते.

१३ जुलै, रविवार

या आठवड्यात घरी आल्यावर तोंडातून एक शब्द निघाला नाही. बुधवारी दुधाची पिशवी घेताना बोलायला गेले तर आवाज घोगरा. दुकानदार म्हणाला, सर्दी झाली का?

सिं. सकाळी निघते तेव्हा मी बसमध्ये असते. ती सहाला घरी येते, मी दिवेलागण उलटल्यावर. जेवण उभ्यानेच, ओट्याशी. ताट घेत नाही, कढईतच भाकरी बुडवते. हे गेले असते तर रागावले असते. (गेलेच आहेत. काय लिहितेय मी. असते तर, असं लिहायचं होतं.)

पगार हातात आला. नवी चादर आणली. चांगली आहे. कुणाला दाखवायला नाही.

सरळ लिहून टाकते: मला फार एकटं वाटतं. आधीही एकटीच होते, पण सकाळी ते गरनाळं होतं. तेवढं पुरत होतं हे ते गेल्यावर कळलं.

२२ जुलै, मंगळवार

जयेशभाई आज कतारगामला आला होता. मला ऑफिसात बोलावलं, चहा मागवला, कपात. बाकीच्यांना प्लॅस्टिकच्या पेल्यात.

म्हणाला, मंगलाबेन, तुमचं बघून तिकडच्या अजून दोघी-तिघी येतील असं वाटलं होतं. कुणी का येत नाही? मी तर जास्त देतोय. आळशी आहेत का?

मला राग आला. सिं.ला आळशी म्हणणारा अजून जन्माला यायचाय. नीट समजावून सांगितलं. साहेब, त्या आळशी नाहीत. त्यांना घरापासून पायी जाता येईल एवढंच लांब जमतं. शाळा सुटली की मधेच घरी धावत जाऊन यावं लागतं, सासू-सासऱ्यांचं बघावं लागतं, नवरा रातपाळीहून येऊन झोपतो त्याच्या उठायच्या आत ताट लागतं. दुसरीकडे कुणी दुप्पट दिले तरी त्या जाणार नाहीत. जाऊच शकत नाहीत.

"बराबर," म्हणाला. "एकदम साची वात." पुन्हा म्हणाला, बराबर.

चला, कुणीतरी त्यांची बाजू मांडली. बसमध्ये जागाही मिळाली. आज बरं वाटतंय.

३० जुलै, बुधवार

सिं. आली होती. दारातच उभी. बस म्हटलं, बसली नाही.

झालं ते असं. पाचही जणी मिळून काल जयेशभाईकडे गेल्या. भाव वाढवा, दोन वर्षं तोच आहे, नाही तर आम्ही दुसरीकडे बघू. पोरींनी हिंमत केली, मला पत्ताही नाही. तो म्हणाला, जा ना. कुठे जाता? भेस्तानला दुसऱ्या शेठकडे जागा आहेत, भाव जास्त आहे, जा. मला माहीत आहे, तुम्ही गरनाळ्याच्या पलीकडे जाणार नाही. तुमची मंगलाबेनच सांगून गेली, दुप्पट दिले तरी जाणार नाहीत.

"तू काय सांगं त्याले?"

मी सांगितलं, जे सांगितलं ते. तुमच्या बाजूनेच बोलले म्हटलं.

"आम्हनी बाजूनी." एवढंच म्हणाली. रागावली असती, भांडली असती तर बरं झालं असतं. तिचं तोंड उतरलं होतं फक्त. चप्पल काढलीच नव्हती, तशीच वळली.

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. त्यात त्या मूर्ख चहाच्या कपाने मी खूश झाले होते.

३ ऑगस्ट, रविवार

कानबाई, आमची खानदेशची देवी, आज बसली. दरवर्षी या दिवशी मी सकाळपासून सिं.च्या घरी. रोटांचा नैवेद्य त्यांच्या भाऊबंदांचा, त्यात मला वाटा नसतो, कुणालाच नसतो बाहेरच्याला. पण पुरण वाटायला मी. चौरंग सजवायला मी. गाणी माझ्यावाचून सुरू होत नाहीत, कारण पहिली ओळ मला एकटीलाच धड येते.

बोलावणं आलं नाही. मुद्दाम नसेलही. बोलावायचं काय त्यात, दरवर्षी आपसूकच जाते. पण पाय उचलेना.

इथे बसून ऐकू येतात गाणी. पहिली ओळ चुकीची म्हणतायत.

४ ऑगस्ट, सोमवार

सकाळी रिक्षात होते. नाक्यावर कानबाईची मिरवणूक आली म्हणून रिक्षा थांबली. वाजंत्री, बायका नाचतायत. सिं.च्या डोक्यावर चौरंग, नवी हिरवी साडी, घामाने कुंकू ओघळलेलं. मी उतरले. रस्त्याच्या कडेला चप्पल काढून हात जोडले. ती माझ्यासमोरून गेली. बघितलं की नाही ते सांगता येत नाही. डोक्यावर देवी असताना मान वळवता येत नाही, असं मी मनाला सांगितलं.

मागे वळले तर रिक्षा निघून गेली होती. कतारगामला पोचेपर्यंत अर्धा दिवस गेला.

८ ऑगस्ट

जयेशभाईला गाठलंच. म्हटलं, मी तसं सांगितलं नव्हतं.

"मंगलाबेन, झूठ थोडी बोला था आपने?"

नाही. झूठ नव्हतं. तीच पंचाईत आहे. खोटं असतं तर आता कबूल करून मोकळी झाले असते. खरं बोललेलं परत कसं घ्यायचं?

१२ ऑगस्ट, मंगळवार

ताप. घरीच. गोळी घेतली, पेज केली, सांडली, पुसली. निलेशला सांगितलं नाही, उगाच पुण्याहून 'काळजी घे' म्हणेल.

दुपारी खिडकीशी बसले. कामाच्या दिवशी दुपारची गल्ली कित्येक वर्षांत बघितली नव्हती. समोरच्या भिंतीला रमेशची व्हॅन उभी. रमेश शहाद्याचा पोरगा, शाळेची मुलं नेतो-आणतो. सकाळी मुलांना सोडून आला, व्हॅन लावली, मागची सीट आडवी करून झोपला. शाळा सुटायच्या वेळेपर्यंत झोपलेलाच. रोज असाच झोपतो, म्हणाला. गाडीचा हप्ता मात्र झोपत नाही.

तापात डोकं भलतीकडे चालतं. पण हे सुचलं ते तापातलं नाही, संध्याकाळी उतरल्यावरही तसंच दिसतंय. बायकांना लांब जाता येत नाही, कारण बस सगळं गाव फिरवते आणि शाळा सुटायच्या वेळी त्या अडकलेल्या असतात. पण ज्या गाडीतून त्यांची पोरं घरी येतात, तीच गाडी त्यांना घेऊन गेली आणि वेळेवर घेऊन आली तर? शाळा सुटण्याआधी तिला यावंच लागतं. ती उशीर करूच शकत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

भेस्तानला जाऊन आले. तिकडे रविवारची सुट्टी नाही. खात्यावर पाटी होतीच, टाके भरनेवाली बहनें चाहिए. सुपरवायझर पांडेजी, तोंडात मावा, बोलणं कमी. माझ्याकडून एक साडी भरून घेतली. उजेडात धरून बघितली, उलटी करून बघितली. कुठे भरलंय ते त्याला सापडेना. म्हणाला, बैठ जाओ कल से.

म्हटलं, आम्ही सहाजणी आहोत. वेळ शाळेची. नगावर पैसे, मग तासांशी तुम्हाला काय. विचार करून म्हणाला, चलेगा, पण सहा आल्या तरच. दोघी-तिघींसाठी तो ते दालन उघडणार नाही.

भाव जयेशभाईच्या नवागामच्या भावापेक्षा चांगला. माझ्या कतारगामच्या दीडपटीपेक्षा कमी.

रमेशचंही तेच. सहा सीट भरल्या तर परवडतं. म्हणजे सहावी मीच हवी. कतारगाम सोडावं लागेल. लिहून बघितलं, फार दुःख होत नाहीये. पंख्याचं थोडं होतंय.

२४ ऑगस्ट, रविवार

सिं.च्या घरी गेले. सासू दारात तांदूळ निवडत. सिं. आहे का? "नही शे. बजारमा गई." सिं.च्या एकुलत्या एक चपला उंबऱ्याशी. बाजारात अनवाणी गेली असावी.

परत फिरणार होते. मग बसले सासूबाईंसमोरच आणि सगळं त्यांना सांगितलं. व्हॅन, पांडेजी, शाळेची वेळ, भाव. त्यांना ऐकायला कमी येतं, त्यामुळे ओरडून सांगावं लागलं. गल्लीतल्या दोन बायका बाहेर येऊन उभ्या राहिल्या. आत भांडं वाजायचं थांबलं होतं, ते माझं बोलणं संपेपर्यंत वाजलं नाही.

म्हटलं, मावशी, मी त्याला खरं सांगितलं, चुकीच्या माणसाला सांगितलं. आता ते खरं राहू द्यायचं नाही, एवढंच माझ्या हातात आहे. जयेशभाईला दिसू दे, यांना जाता येतं. मग तो भाव वाढवेल, नाहीतर आपण जाऊ. दोन्हीकडून आपलंच.

सासूबाईंनी सगळं ऐकून विचारलं, "गनपतीले निलेश ई राहिना का?"

नाही येणार, म्हटलं. सुट्टी नाही त्याला.

२७ ऑगस्ट, गणेश चतुर्थी

रमेश सांगत आला. "मावशी, सिंधूताई म्हने, येसूत सांग. पाची जनी."

स्वतः नाही आली. रमेशकडून. असो, येसूत तर म्हणाली. सोमवारपासून.

एकटीसाठी मोदक करत नाही मी, आज पाच केले. नंतर मोजून हसले. चार खाल्ले, एक रमेशला.

३० ऑगस्ट, शनिवार

कतारगाम सोडलं. जयेशभाई तिथेच होता. कुठे जाणार? भेस्तान, म्हटलं, आणि त्याच्या तोंडाकडे बघून म्हटलं, आम्ही सहाही. सोमवारपासून. गाडी ठरलीय.

त्याने फोन बाजूला ठेवला. "सिंधुबेन पण?" सिंधुबेन पण.

त्याचं ते तोंड बघून इतक्या दिवसांचं सगळं वसूल झालं. खोटं कशाला लिहू, मजा आली.

हंसाबेनला जाताना माझा खरा भाव सांगून टाकला. आधी बघतच राहिली. मग म्हणाली, मासी, पहेला कहेवुं जोईतुं हतुं. आधी सांगायला हवं होतं. हो, हवं होतं. तिने डब्यातलं लोणचं बांधून दिलं तरीही.

३१ ऑगस्ट, रविवार

सुया, कात्री, चष्मा पिशवीत भरून ठेवलाय. निळी साडी काढलीय. पहिल्या दिवशी शाळेत जाणाऱ्या पोरीसारखं चाललंय माझं. व्हॅनमध्ये सहाजणी म्हणजे मांडीला मांडी लागणार. सिं. कितीही गप्प बसायचं म्हणाली तरी भेस्तान येईपर्यंत राहवणार नाही तिला.

निलेशचा फोन आला. कमी पगारावर का चाललीस, विचारलं. समजावून सांगत होते, तेवढ्यात शिट्टी झाली.

१ सप्टेंबर, सोमवार

भेस्तानला आहे. जेवणाची सुट्टी. आजचं आत्ताच लिहिते, घरी जाऊन लिहिणार नाही.

सकाळी रमेश मुलांना सोडून आला, मी व्हॅनमध्ये बसले, गल्लीच्या तोंडाशी थांबलो. पाचजणी आल्या. बरोबर, एकत्र, डबे घेऊन. आणि व्हॅनच्या बाजूने गरनाळ्याकडे निघाल्या. मला वाटलं गाडी दिसली नाही. रमेशने हॉर्न दिला.

सिं. मागे वळून खिडकीशी आली. धावतच आली. तोंडभर हसू.

"भाव दिधा व जयेशभाईनी! कालदिन सांजले घर येल व्हता. पाचीसना घर गया. भेस्तानवाला देस तेवढाच देसू, म्हने. आते कसाले तेवढं लांब?"

महिन्याने बोलली माझ्याशी. राग कुठच्या कुठे गेलेला. खिडकीतून माझा हात धरला तिने, गरम हात, पिठाचा. "तुन्हामुळे व्हयनं, मंगला. तू बी चाल नं आम्हनासंगे."

"मले कोन ठेवी तठे?" म्हटलं.

तिच्या हे डोक्यात आलंच नव्हतं. माझ्यातरी कुठे आलं होतं. तिचं हसू तसंच राहिलं तोंडावर, काय करावं त्याचं तिला कळेना. पुढच्या बायकांनी हाक मारली. जाते, म्हणाली. संध्याकाळी येते, म्हणाली. गरनाळ्यात उतरेपर्यंत दोनदा वळली.

जसं ठरवलं होतं तसंच झालं. दोन्हीकडून आपलंच, असं मीच ओरडून सांगितलं होतं. मला आनंद झालाय. खरंच झालाय. आणि व्हॅनमध्ये मागे पाच सीट मोकळ्या होत्या, मी इतकी रडले की रमेशने आरसा फिरवून घेतला.

त्याने आणून सोडलं, शब्द दिला होता म्हणून. उद्यापासून एकटीसाठी नाही जमणार, मावशी, म्हणाला. त्याचं बरोबर आहे. बसचं विचारलं त्याला, दोन बदलाव्या लागतात.

वाटेत डोकं शांत झालं तेव्हा दुसरंच दिसलं. भाव वाढवला तो जयेशभाईने. का? त्यांना इथे येता येतं म्हणून. उद्या त्याला कळलं की व्हॅन बंद, पांडेजीने दालन बंद केलं, मंगलाबाई घरी बसली, की पुढच्या महिन्यात भाव परत होता तिथे. दोघांचे शेठ एकाच बाजारात बसतात, कळायला वेळ लागणार नाही. सिं.ला हे अजून दिसलेलं नाही. आज सांगवलं नाही मला, ती इतकी खूश होती. संध्याकाळी आली तर सांगायचं का? सांगितलं तर काय करेल ती? आठवड्यातून एकेक दिवस तरी एकेकजणी आल्या, तर गाडी...

पांडेजीने सकाळीच विचारलं, बाकी पाँच? म्हटलं, त्यांच्या घरी गणपती आहे. गणपती असतो सगळ्यांच्या घरी.

दालन उघडलंय. धूळ झाडून सहा स्टूल मांडलेत, प्रत्येकापुढे दिवा, प्रत्येकापुढे साड्यांचा गठ्ठा. मी कडेच्यावर बसलेय. आत्ता एक माणूस आला होता, म्हणाला, अम्मा, बाकी के स्टूल उठा लूँ?

म्हटलं, राहू दे. येणार आहेत.